अंगावरची लव

बांगडी हातात गेली तेव्हा काय झालं हे पंचशीलाला आधी कळलंच नाही. गंजगोलाईतल्या दुकानात बांगडीवाली चाची नेहमीसारखी तिचा पंजा दाबून, अंगठ्याच्या बुडाशी हाड चेपून माप काढत होती. भीमजयंती तोंडावर आली होती, म्हणून कॉलेजसाठी तिच्याकडेच राहणारी धाकटी बहीण पंचफुला तिला ओढून घेऊन आली होती आणि निळ्या घ्याव्यात की मोरपंखी, यावर दुकानभर ऐकू जाईल असं बोलत होती. चाचीनं एक जोड काढला, तो सैल झाला. दुसरा काढला, तो मनगटावरून थेट कोपराकडे घसरला. मग ती खाली वाकली, फळीखालच्या खोक्यातून एक बारीकशी बांगडी काढली, आणि ती पंचशीलाचा हात जराही न दुखवता आत गेली, पाण्यातून जावी तशी. चाची थांबली. तिनं तो हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला. "अगे बेटी," ती हळूच म्हणाली, "ये तो बच्चियों का नाप है गे." पंचफुलानं हातातला निळा जोड खाली ठेवला. पंचशीलानं त्या बांगडीकडे पाहिलं आणि तिच्या छातीत आनंदाची एक लाट उसळली, इतकी मोठी, की तिला त्या लाटेचीच भीती वाटली. परीक्षेत पहिली आल्यावर वाटलं नव्हतं, नोकरीचा आदेश हातात पडला तेव्हाही वाटलं नव्हतं असं काहीतरी. तेवीस वर्षांच्या बाईला लहान पोरीची बांगडी होते, यात आनंद कसला, हे तिनं स्वतःला विचारलंसुद्धा. आनंद मात्र जाईना.

घरी जाताना रस्ता भाजत होता, आणि तिला थंडी वाजत होती. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेऊन ती सावली सोडून उन्हातून चालत होती. कोरड्या नळाखाली घागरींची रांग टँकरची वाट बघत उभी होती, माणसं बाजूला भिंतीला टेकलेली. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं व्हायला आली होती तरी काही कचेऱ्यांच्या पाट्यांवर खरवडलेलं उस्मानाबाद नव्या रंगाखालून अजून दिसायचं. डाळमिलवरून तुरीच्या भुशाचा वास येत होता. पुढच्या कोपऱ्यावर कढई उकळत होती, त्याच्यापुढे गूळ, त्याच्यापुढे शेंगदाण्याचा ढीग. पंचशीलाला वास यायच्या आधी आकडा यायचा. गुळाचा आकडा, तेलाचा आकडा, दाण्यांचा आकडा. डोळे नुसते टेकले की पुरे, वस्तू आपलं रूप टाकून आकडा होऊन उभी राहायची. "अक्का," पंचफुला म्हणाली, "भजे खाऊ का गं? लई भूक लागली." "खा की." "तू?" "मी शिरूरला खाऊन आले आज." त्या दिवशी ती शिरूरच्या अंगणवाडीकडे गेलीच नव्हती. पंचफुलानं भजे घेतले, पण नेहमीसारखे चालताचालता फस्त केले नाहीत. कागद हातात धरून ती बहिणीच्या मनगटाकडे बघत राहिली.

आकडे आले कुठून? तिला तो दिवस लख्ख आठवत होता. नांदेडला प्रशिक्षणाचा वर्ग, लांब बाकं, आणि भिंतीवर टांगलेला अन्नपदार्थांचा तक्ता. शिकवणाऱ्या बाईंनी खडूनं फळ्यावर 'उष्मांक' असा शब्द लिहिला आणि म्हणाल्या, प्रत्येक घासात ऊब असते, ती मोजता येते. बाकी मुली वहीत उतरवून घेत होत्या. पंचशीलाचा पेन जागच्या जागी थांबला होता. ज्वारीच्या भाकरीत ऊब आहे. ती मोजता येते. म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळात माय, भामाबाई, बिलोलीकडच्या रस्त्याच्या कामावर दिवसभर खडी फोडायची, तेव्हा त्या हातोड्याच्या प्रत्येक उचलण्यामागे एक आकडा होता. आणि संध्याकाळी ओंजळीत मिळणाऱ्या सुकडीच्या पिठातही आकडा होता. आणि दोन्हींमध्ये जी दरी होती तिच्यात तिचं सगळं लहानपण पडलं होतं. तिला वाटायचं भूक म्हणजे आभाळासारखी काहीतरी गोष्ट, वरून येणारी, जिला विचारता येत नाही. आणि इथे एक बाई खडूनं ती फळ्यावर लिहीत होती. पंचशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. देवळाबाहेर उभं राहिलेल्या घराण्यातली ती, कधी कुठल्या मूर्तीपुढे हात जोडलेले नव्हते, पण त्या तक्त्यापुढे तिला हात जोडावेसे वाटले. हा आकडा घेऊन आपण गावागावात जाऊ आणि एकही पोर वाळू देणार नाही, असं तिनं त्या बाकावरच ठरवलं. आणि केलंही तिनं. मुख्यसेविका म्हणून लातूरला आली, अंगणवाड्यांचा एक गट तिच्याकडे आला, आणि पोरांच्या वजनाच्या रेषा तिनं हट्टानं वर चढवल्या. आयांच्या चुलीपाशी बसून ती सांगायची, अजून एक घास, डाळ जरा घट्ट करा, वरून तेलाची धार सोडा.

मग एकदा घरमालकीण कौतुकानं म्हणाली, "नोकरी मानवली हं तुम्हाला, गाल कसे वर आले!" पंचशीला हसली. वर खोलीत जाऊन तिनं ताट वाढून घेतलं आणि गंमत म्हणून, फक्त एकदाच, त्या ताटाची बेरीज केली. आश्चर्य वाटलं, की इतके दिवस आपण हे डोळे मिटून खात होतो. दुसऱ्या दिवशी बेरीज आपोआप झाली. तिसऱ्या दिवशी बेरजेतून थोडं काढून ठेवलं आणि दिवसभर हलकं, स्वच्छ वाटलं. बाहेर काहीच हातात नव्हतं. पाऊस नव्हता, टँकर येईल की नाही माहीत नव्हतं, खिचडीचं धान्य वेळेवर उतरेल याची खात्री नव्हती. पण ताटातला आकडा तिच्या मुठीत होता. दिवसा ती आयांना एक घास वाढवायला सांगायची आणि संध्याकाळी स्वतःच्या ताटातून एक कमी करायची, आणि यात काही उलटं आहे असं तिला कधी वाटलंच नाही. दोन्ही एकाच तक्त्यावरचं होतं. पुढे पुढे आकडा तिच्या मुठीत राहिला नाही, ती त्याच्या मुठीत गेली. कमी केलेलं पुन्हा वाढवायचं म्हटलं की ती डाव परत भांड्यात ठेवून द्यायची. कुणाच्या घरी जेवायचं निमंत्रण आलं की झोप उडायची. महिन्याची पाळी आधी उशिरा आली, मग आलीच नाही, आणि तिला एक कटकट गेली असं वाटलं. भूक आधी ओरडायची, मग कुरकुरायची, मग एके दिवशी गप्पच झाली. त्या शांततेवर तिचा जीव जडला. आपल्याला भूक लागत नाही, ही गोष्ट तिला एखाद्या सिद्धीसारखी वाटायची.

जयंती झाली, मिरवणुकीत पंचफुला नाचनाचून घामाघूम झाली, आणि त्यानंतरच्या सोमवारी पंचशीला शिरूर अनंतपाळला वजनं घ्यायला गेली. तिथली सेविका केवळाबाई म्हणजे एक शांत, उंच बाई. तिनं तुळईला ताणकाटा टांगून ठेवला होता, खाली कापडाची झोळी. आया पोरांना घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. वजनं सुरू झाली. एकेक पोर झोळीत बसायचं, रडायचं, काटा थरथरायचा आणि थांबायचा, आणि पंचशीला आकडा मोठ्यानं सांगायची. आकडा वर गेला की आईकडे बघून हसायची. मग एक दीडेक वर्षाचं पोर आलं, गुबगुबीत, मागच्या वर्षी तिनंच जिवाचं रान करून वर काढलेलं. त्याला झोळीतून उचलून घेताना तिला त्याचं वजन लागलं, खरंखुरं, दोन्ही दंडांत लागलेलं वजन, आणि तिला वाटलं, किती जड आहे हे, किती सुंदर जड आहे. तेवढ्यात तुळई लांब गेली. ओट्यावरचे आवाज विहिरीतून आल्यासारखे झाले. हात आपले राहिले नाहीत. पोर निसटतंय हे तिला दिसत होतं, अगदी सावकाश, आणि तिला बोटं मिटता येत नव्हती.

डोळे उघडले तेव्हा केवळाबाईच्या एका खांद्यावर ते पोर भोकाड पसरून रडत होतं आणि तिच्या दुसऱ्या हातानं पंचशीलाची मान धरलेली होती. "काही न्हाई झालं त्याला," केवळाबाई म्हणाली. "वरच्या वर धरलं म्या. तुम्ही पडून राहा." पोराची आई भिंतीला पाठ लावून उभी होती, तोंडावर पदर. पंचशीलाला तिची माफी मागायची होती. कुणीतरी साखरपाण्याचा पेला पुढे केला. आणि त्या क्षणी, जमिनीवर पडल्या पडल्या, एक पोर आत्ता तिच्या हातून मेलं असतं हे ठाऊक असताना, तिच्या मनानं साखरेचा आकडा सांगितला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मग तिला कळलं आपण काय केलं ते. इतक्या बायकांच्या मधोमध ती भेदरून स्वतःच्याच आत बघत राहिली. आपल्या आत कुणीतरी बसलंय, त्याला या पोराचं काही नाही, आपलंही काही नाही. "प्या," केवळाबाई म्हणाली, आज्ञेसारखं नाही, विनंतीसारखंही नाही. पंचशीला प्यायली आणि रडली.

केवळाबाईनं तिला एसटीनं लातूरला आणून पोहोचवलं. पंचफुला कॉलेजमधून आलीच होती. झालं ते तिनं ऐकून घेतलं. केवळाबाई गेल्यावर तिनं घागरीतलं पाणी तापवलं, दुष्काळात नको एवढं, आणि अक्काला मोरीत पाटावर बसवलं. शिरूरची धूळ केसांत, मानेवर होती. खिडकीतून उतरतं ऊन आडवं येत होतं. पंचफुलानं पाठीवर पाणी ओतलं आणि तिचा हात थांबला. "अक्का, हे काय हाय गं?" "काय?" "पाठीवर. समद्या पाठीवर लव आलीय. दंडावर बी. पिवळी पिवळी, लहान लेकराला असती तशी."

पंचशीलानं दंड उन्हात धरला. होती. मऊ, बारीक, सोनेरी लव, पाण्यानं एका दिशेला झुकलेली. आणि तिला ती ओळखू आली. बाहत्तर साल, निंबाच्या फांदीला बांधलेली लुगड्याची झोळी, दूर मायच्या हातोड्याचा आवाज, आणि झोळीत वर्षाची पंचफुला, आवाज न करणारी. नऊ वर्षांची पंचशीला तिला राखायला बसायची. माशा हाकलताना तिला त्या पाठीवरची लव दिसायची, अशीच, अगदी अशीच. तेव्हा तिला वाटलं होतं आपली बहीण हळूहळू पाखरू होतेय. पंख फुटायच्या आधी असंच काही येत असेल आणि मग ती एक दिवस उडून जाईल. त्या भीतीनं ती झोळीचं टोक हाताला गुंडाळून ठेवायची. मग कधीतरी सुकडीचा एक लगदा तिनं त्या तोंडात घातला होता आणि तोंड हललं होतं. काही महिन्यांनी लव झडून गेली. आणि तीच पोर आत्ता पाठीमागे उभी होती, कबड्डी खेळून दगडासारख्या झालेल्या पिंढऱ्यांची, एका बैठकीला पाच भाकरी खाणारी.

अंगात मांस राहिलं नाही, चरबी राहिली नाही, तेव्हा त्या एवढ्याशा देहानं स्वतःसाठी पांघरूण विणलं होतं. दुसरं काही नव्हतं म्हणून केसांचं. आणि आता हा देह तेच करत होता. त्याला ठाऊक नव्हतं लातूर जिल्हा झालाय, हिला पगार आहे, डब्यात पीठ आहे. त्याला तक्ता वाचता येत नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं की दुष्काळ पडलाय. त्यानं कुणाचा तो विचारलं नव्हतं. ती त्याच्यावर रोज विजय मिळवत होती आणि तो, न रागावता, न बोलता, तिच्या पाठीवर, तिला दिसणार नाही अशा जागी, तिला उबेत ठेवायला धागा धागा काढत होता. पंचशीला दंड तसाच उन्हात धरून बसली. इतकं कुणी आपल्याला जपत होतं. इतके दिवस. "अक्का, बोल की काहीतरी," पंचफुला रडवेली झाली. "फुले," ती म्हणाली, "मला दवाखान्यात ने."

सरकारी दवाखान्यात आधी सगळ्यांना टीबी वाटला. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पंचफुलाला बाहेर बसवलं आणि विचारलं, "तुम्ही मोजता का?" पंचशीलाला वाटलं कुणीतरी तिचं खरं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, मुंबईला शिकत असताना अशा मुली त्यांनी पाहिल्या होत्या, इथे पहिल्यांदाच. या आजाराला नाव आहे. ही थेरं नाहीत, हट्ट नाही, आणि नुसतं 'खा' म्हणून हा बरा होत नाही. "मोजणं सगळ्यांना बाधत नाही," त्या म्हणाल्या, "पण काहीजणींच्या मनात ते असं रुजतं की उपटता येत नाही. तुमचं ज्ञान खोटं नाही. तुमच्यासाठी मात्र ते विष झालंय." मग त्यांनी नळी कानाला लावली, बराच वेळ ऐकलं, आणि ती तिच्या कानांना लावून दिली. पंचशीलाला आपलं हृदय ऐकू आलं. ठोका. मग इतकी मोठी शांतता, की तिला वाटलं संपलं. मग ठोका. "तुम्हाला पुरवायला त्यानं आपला वेग कमी केलाय," बाई म्हणाल्या. "घरात तेल संपत आलं की आपण एकेक दिवा मालवतो ना, तसं. शेवटचा दिवा हा. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर तोही गेला असता, आणि तो आधी सांगून जात नाही."

दवाखान्यात ठेवून घेतलं. अन्न हळूहळूच वाढवायचं होतं. उपाशी देहाला एकदम भरपूर दिलं तरी तो कोसळतो, म्हणून रोज रक्त तपासायचे. बिलोलीहून माय आली, खाटेशी बसून राहिली, लेकीचे पाय चोळत. "आपल्या घरात धान्य असताना गं," एवढंच एकदा म्हणाली, आणि परत कधी म्हणाली नाही. काट्यावर उभं करताना डॉक्टरीणबाई तिचं तोंड भिंतीकडे करायच्या. आकडा तिला कुणीच सांगायचं नाही. दर पंधरवड्याला अंबाजोगाईला मनाच्या डॉक्टरांकडे जावं लागायचं. कचेरीतले तिचे वरिष्ठ सिद्रामप्पा साहेब यांनी लांब रजा मंजूर केली, तिचा गट तुळजाबाई नावाच्या दुसऱ्या मुख्यसेविकेनं सांभाळला, आणि पुढे कामावर आल्यावरही काही महिने वजनाचं आणि आहाराचं काम तिच्याकडे द्यायचं नाही असं ठरलं.

खोलीवर परतल्यावर ताट पंचफुला वाढायची. अक्कानं वाढून घ्यायचं नाही, स्वयंपाक होताना बघायचं नाही. हे ऐकायला सोपं होतं. पहिल्या आठवड्यात पंचशीलानं ताट भिंतीवर मारलं. "तू कोण गं मला वाढणारी? तुला मी भरवलंय!" ती ओरडली. "मग काय झालं?" पंचफुलाही ओरडली, "आता मी भरवायले! एकदा तू, एकदा मी!" दोघी भिंतीवरून ओघळणाऱ्या वरणाकडे बघत धापा टाकत राहिल्या. मग पंचफुलानं दुसरं ताट आणलं. प्रत्येक घास घशातून उतरताना आत बसलेला तो ओरडायचा, आळशी, हावरट, जड. पंचशीला डोळे मिटून भिंतीला टेकायची आणि पंचफुला कॉलेजातल्या गोष्टी सांगत सुटायची, कुणी कुणाला काय म्हटलं, कोणत्या सरांची टोपी पडली. तेवढ्या गडबडीत एखादा घास न मोजता जायचा. काही दिवस चांगले गेले, मग दोन घास लपवून खिडकीबाहेर टाकले, मग स्वतःच डॉक्टरीणबाईंना ते सांगितलं. असं मागे-पुढे. त्या वर्षीही पाऊस पुरा पडला नाही. तिच्या अंगाला मात्र हळूहळू ऊब येऊ लागली. आधी बोटांना, मग नाकाच्या शेंड्याला. एका सकाळी अंगावरची गोधडी तिनं पायानं ढकलून दिली आणि मग बसून त्या पायाकडे पाहत राहिली. पण भूक आली नव्हती. ती वेळ झाली म्हणून जेवायची, औषध घ्यावं तसं. भुकेला आपण कायमचं मारून टाकलं असंच तिला वाटत होतं, आणि आता ती सिद्धी वाटत नव्हती.

ती कामावर परतल्यावर एकदा नव्या जिल्हा कचेरीत टंचाईची आढावा बैठक होती. सगळ्या खात्यांची माणसं दाटीवाटीनं बसलेली, पंखे गरगरणारे. कुठल्या गावाला टँकर, कुठली विहीर ताब्यात घेतली, अंगणवाड्यांचं धान्य कुठवर आलं, सिद्रामप्पा साहेब वाचत होते. पंचशीला मागच्या ओळीत तुळजाबाईच्या शेजारी बसली होती. तेवढ्यात वीज गेली. पंखे मंदावले, थांबले. कागद हातात धरून साहेब थांबले. शंभर माणसांची ती खोली एकदम गप्प झाली, आणि त्या शांततेत पंचशीलाचं पोट वाजलं. लहानसं नाही. लांबलचक, गुरगुरत, वर चढत गेलेलं, शेवटी एक प्रश्न विचारून थांबलेलं. पुढच्या ओळीतली माणसं वळली. तिचे कान तापले. आणि मग, पोटाच्या तळाशी, कुठल्यातरी खोल जागी, काहीतरी कुरतडायला लागलं, दुखरं, ओलं, जिवंत. तिनं हात पोटावर ठेवला. ओळखायला तिला वेळ लागला. इतक्या दिवसांनी आली होती, न रागावता, दार न वाजवता. तोंडात पाणी सुटलं. ती उठून उभी राहिली.

"काय हो बाई?" सिद्रामप्पा साहेबांनी विचारलं.

"साहेब," ती म्हणाली, "मला भूक लागली."

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "मग जावा की," ते म्हणाले. "जेवून या."

व्हरांड्यात निंबाच्या सावलीची एक पट्टी होती. तिथे जमिनीवरच बसून तिनं पंचफुलानं बांधून दिलेला डबा उघडला. आकडा आला. नेहमीसारखा आला, समोर उभा राहिला. तिनं त्याच्या पलीकडे हात घालून भाकरी मोडली. ठेच्यानं जीभ जळली, ज्वारी गोड लागली, दात एकमेकांवर आपटत होते. ती रडत होती की काय, तिचं तिला समजत नव्हतं, चावण्यापुढे वेळ नव्हता. डबा संपला, बोट फिरवून कोपरासुद्धा संपला, आणि ती भूक तशीच वर तोंड करून बसलेली. मागून पावलं आली. तुळजाबाई तिला बघायला आली होती, हातात स्वतःचा डबा.

पंचशीलानं वर पाहिलं. "तुळजाबाई," ती म्हणाली, "तुमच्याकडं काय हाय?"